कलामहर्षी बाबूराव पेंटर : कारागिरीतून उभा राहिलेला कलाव्यवसाय

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात एखाद्या ग्रंथकाराचे चरित्र असावे, अशी वाचकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. येथे मात्र एका कारागिराचे चरित्र सादर करीत आहे. त्यांची ख्याती लेखणीमुळे नव्हे, तर कुंचल्यामुळे झाली; त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते; आणि त्यांची हयात रंग, लाकूड, माती, लोखंड आणि फिल्म यांच्या सहवासात गेली. कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर हे ते कारागीर होत.

त्यांचीच निवड करण्यास कारण आहे. कला ही फावल्या वेळाची गोष्ट, तिच्यावर प्रपंच चालत नाही आणि चाललाच तर तो मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरी चालतो, अशी एक समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. लहान गावातील हुशार मुलाला चित्रकलेचा वा नाटकाचा नाद लागला की घरची माणसे चिंतेत पडतात. ही चिंता अगदीच निराधार नसते, हे मान्य करावयास हवे. तथापि मुंबईपासून दूर असलेल्या एका संस्थानी नगरात, तेथल्याच सुतार-रंगाऱ्यांच्या बळावर, शेकडो माणसांच्या पोटाला आधार देणारा कलाव्यवसाय उभा राहिला होता, ही घटना इतिहासात नोंदली गेलेली आहे. तो कसा उभा राहिला, त्याने समाजाला काय दिले आणि तो का मोडला, हे तिन्ही प्रश्न बाबूरावांच्या चरित्रात एकत्र आलेले आहेत.

मिस्त्र्यांचे घर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव हे सुतारकाम, मूर्तिकाम, चित्रकाम अशा अनेक कामांत निष्णात होते. अशा घरात मुलाला वेगळी शिकवणी लावावी लागत नाही. लाकडाचा कस हाताला कळतो, रंगाचे प्रमाण डोळ्याला कळते, आणि एखादी वस्तू बिघडली तर ती उलगडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. बाबूरावांची शाळा लवकर सुटली; परंतु ही घरची शाळा अखेरपर्यंत सुटली नाही. पुढे त्यांनी आडनावाच्या जागी व्यवसायाचे नाव लावले आणि मेस्त्र्यांचे बाबूराव हे बाबूराव पेंटर झाले. जात सांगणारे नाव गळून पडून काम सांगणारे नाव रूढ झाले, यात त्या काळच्या कोल्हापूरचे मोठे सामाजिक मर्म दडलेले आहे.

त्या वेळी कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींची कारकीर्द चालू होती. शाहू महाराजांचे सामाजिक कार्य सर्वश्रुत आहे. मल्ल, गवई, नट आणि चित्रकार यांना त्यांनी दिलेला आश्रय हाही त्याच कार्याचा एक भाग होता, याकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. खासबागचे कुस्तीचे मैदान आणि त्याला लागून १९१५ मध्ये बांधलेले पॅलेस थिएटर या दोन वास्तू त्याची साक्ष होत्या. हेच पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह या नावाने प्रसिद्धीस आले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. या आश्रयामुळे कलावंताला नुसती बिदागीच मिळाली असे नव्हे, तर प्रतिष्ठा मिळाली. ज्या समाजांतील मुलांना पूर्वी केवळ हातकाम करणारे म्हणून दाराबाहेर उभे केले जाई, त्यांना कलावंत म्हणून आत बसता येऊ लागले.

पडद्याकडून पडद्याकडे

बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव ही जोडी प्रथम नावारूपास आली ती रंगभूमीवरील पडद्यांमुळे. मराठी संगीत रंगभूमीचा तो वैभवाचा काळ होता. नाटकाच्या जाहिरातीत नटांच्या जोडीने नव्या पडद्यांचाही उल्लेख होत असे. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी या बंधूंनी रंगविलेले पडदे विशेष गाजले. सपाट कापडावर राजवाड्याचे दालन मागे मागे जात असल्याचा भास निर्माण करणे हे तेव्हा मोठे नवल होते.

येथे क्षणभर थांबून नाटक मंडळीच्या संसाराकडे पाहिले पाहिजे. रंगमंचावर दहा-वीस माणसे दिसत. परंतु त्यांच्या मागे शिंपी, सुतार, रंगारी, साजिंदे, केशभूषाकार, आचारी, दिवाबत्तीवाले, हमाल असा मोठा परिवार असे. मंडळी एखाद्या गावी मुक्कामास गेली की तेथल्या वाण्यापासून गाडीवानापर्यंत सर्वांच्या गल्ल्यात चार पैसे पडत. तात्पर्य, नाटक हे कलाकृती असले तरी नाटक मंडळी हा उद्योग होता. आज ज्याला सर्जनशील अर्थव्यवस्था असे भारदस्त नाव दिले जाते आणि जिच्या सन्मानार्थ संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ हे वर्ष साजरे केले, ती आपल्याकडे बैलगाडीतून आणि आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून गावोगाव हिंडत होती.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि चालत्या चित्रांनी या दोघा बंधूंना झपाटून टाकले. कापडी पडद्यावर जे स्थिर होते ते पांढऱ्या पडद्यावर हलू लागले होते. त्यांनी प्रथम चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय करून पाहिला. प्रक्षेपण-यंत्र हाताळता हाताळता त्याची रचना त्यांच्या ध्यानात येऊ लागली, आणि चित्रपट दाखविणाऱ्यांच्या मनात चित्रपट घेण्याची ईर्ष्या उत्पन्न झाली.

गावात घडलेला कॅमेरा

फाळके १९१२ मध्ये विलायतेस गेले आणि तेथून कॅमेरा व इतर सामग्री घेऊन आले. कोल्हापूरच्या या तरुणांपाशी विलायतेस जाण्याइतका पैसा नव्हता. आणि महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी यंत्रे मिळणेही दुर्घट झाले. तेव्हा कॅमेरा आपणच घडवावा, असा त्यांनी निश्चय केला. या उद्योगात असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूरावांचा उजवा हातच गेला. तरीही त्यांनी काम टाकले नाही. विष्णुपंत दामले या यंत्रकुशल साहाय्यकाच्या मदतीने त्यांनी कॅमेरा पूर्ण केला.

हा कॅमेरा म्हणजे या चरित्रातील मध्यवर्ती घटना होय. फिल्म एकसारख्या गतीने सरकली पाहिजे, प्रत्येक चौकट क्षणभर अगदी स्थिर राहिली पाहिजे, उजेडाचा एक किरणही आत शिरता कामा नये. इतके सूक्ष्म काम येथल्या हातांनी साधले. यंत्र विकत घेणाऱ्याला ते वापरता येते. यंत्र घडविणाऱ्याला ते दुरुस्त करता येते, सुधारता येते आणि दुसऱ्याला शिकविता येते. कोल्हापूरच्या चित्रपटव्यवसायाचा पाया भांडवलापेक्षाही या जाणकारीवर घातला गेला. कोल्हापूरकरांनी पुढे खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ उभारून तिला वंदन केले, हे यथायोग्यच झाले.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीअखेरीस महाराष्ट्र फिल्म कंपनी अस्तित्वात आली. कॅमेरा घरचा असला तरी कच्ची फिल्म, रसायने, जागा आणि माणसांचा रोजमुरा यांस पैसा लागतोच. जो धंदा कोणी पाहिलेला नाही त्याला कर्ज कोण देणार? अशा वेळी तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल पुरवून बाबूरावांची नड भागविली. एका कलावंत स्त्रीच्या कमाईतून दुसऱ्या कलेचा उद्योग जन्मास यावा, ही गोष्ट आमच्या अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून क्वचितच वाचावयास मिळते. प्रतिष्ठितांच्या समाजात ज्या वर्गातील स्त्रियांना मान नव्हता, त्यांच्यापैकीच एकीने हा विश्वास दाखविला, हे विशेष.

कंपनीचा पहिला मोठा चित्रपट ‘सैरंध्री’. तो १९२० मध्ये पुण्यास आर्यन थिएटरात प्रदर्शित झाला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. बाबूरावांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. चित्रपटात काम करणारी स्त्री म्हणजे समाजाच्या कुचेष्टेचा विषय, असे ते दिवस होते. त्यांच्या धैर्याचे मोल कंपनीच्या जमाखर्चात दिसणार नाही. परंतु पुढच्या पिढ्यांतील अभिनेत्रींची वाट अशाच स्त्रियांनी मोकळी केली. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि त्यांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. स्वदेशीच्या त्या पुरस्कर्त्याला देशी कॅमेऱ्याचे कौतुक वाटावे, यात आश्चर्य ते काय?

त्यानंतरच्या दहा वर्षांत ‘सुरेखाहरण’, ‘वत्सलाहरण’, ‘सिंहगड’, ‘कल्याण खजिना’, ‘सती पद्मिनी’, ‘राणा हमीर’, ‘सावकारी पाश’, ‘मुरलीवाला’ असे एकाहून एक सरस मूकपट या कंपनीने काढले. बाबूरावांची पद्धत अशी की चित्रीकरणापूर्वी प्रसंगांची, पोशाखांची आणि पात्रांच्या ठेवणीची रेखाटने ते स्वतः करीत. रंगविलेल्या पडद्यांवर ज्यांनी नाव मिळविले, त्यांनीच चित्रपटातून ते पडदे हटविले आणि त्यांच्या जागी खरोखरीचे खांब, कमानी आणि दालने उभी केली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. ग्रंथालयाच्या कपाटातील कादंबरी अशा रीतीने ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा हजारो प्रेक्षकांपर्यंत पोचली. ‘कल्याण खजिना’स लंडनमधील वेंबलीच्या प्रदर्शनात पदक मिळाले. चित्रपटाची हाताने रंगविलेली भित्तिपत्रके आणि सचित्र माहितीपुस्तिका या गोष्टींतही बाबूराव अग्रेसर होते.

या उद्योगाचा अर्थव्यवहार समजून घेण्यासारखा आहे. कच्ची फिल्म परदेशातून येई. तिचा पैसा बाहेर जाई. त्याखेरीज जवळजवळ सर्व काही कोल्हापुरातच होत असे. देखाव्यांचे लाकूडकाम सुतार करीत, ढाली-तलवारी लोहार करीत, मुकुट आणि दागिने कारागीर घडवीत, पोशाख शिंपी शिवीत. तालमीतले मल्ल मावळे म्हणून लढत. तयार झालेला चित्रपट पुण्या-मुंबईसह देशभर जाई आणि तेथील प्रेक्षकांच्या आण्या-दोन आण्यांतून मिळालेला पैसा कोल्हापुरात येई. मूकपटाला भाषेची भिंत नसते. चौकटींमधील अक्षरे बदलली की झाले. शेतमाल बाहेर पाठवून पैसा आणणारी गावे पुष्कळ असतात. कौशल्य बाहेर पाठवून पैसा आणणारे कोल्हापूर हे त्यांतील आगळे नगर ठरले. करमणुकीच्या व्यवसायात केवढी उलाढाल होते, हे सरकारच्याही ध्यानात आले होते. १९२३ मध्येच मुंबई सरकारने करमणूक कर लागू केला. चित्रपटव्यवसायास उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा भारत सरकारने केली ती मात्र १९९८ मध्ये. कर बसविण्यास विलंब झाला नाही. मान देण्यास पाऊणशे वर्षे लागली.

शेतकऱ्याचे चित्र

‘सावकारी पाश’ (१९२५) या चित्रपटाचा स्वतंत्र विचार केला पाहिजे. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून घेतलेल्या या चित्रपटात देवादिक नाहीत, राजेरजवाडे नाहीत. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन गमावणारा आणि अखेर शहरात जाऊन गिरणीमजूर होणारा शेतकरी हा त्याचा नायक आहे. पौराणिक चित्रपटांची चलती असताना असा विषय घेणे हे व्यापारी दृष्टीने धाडस होते. पण ज्याने स्वतः हातकामावर पोट भरले आहे त्यालाच हातावर पोट असणाऱ्याचे दुःख असे दिसते. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम या तरुणाने केली होती.

कापूस आणि संत्रे पिकविणाऱ्या आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील वाचकांना या कथेचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मालगुजारीच्या काळापासून कर्जाच्या फेऱ्यात सापडलेली किती घराणी आपल्या परिचयाची असतील! आपले दुःख कोणी तरी पाहिले, ते पडद्यावर मांडले, ही जाणीव समाजाला धीर देते. कलाव्यवसायाचे सामाजिक मूल्य ज्याला म्हणतात ते हेच. केवळ रोजगार देणारा उद्योग आणि समाजाला स्वतःचे तोंड दाखविणारा उद्योग यांत हा फरक आहे.

गुरुकुल आणि फाटाफूट

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही कंपनी होती, त्याहून अधिक ती शाळा होती. विष्णुपंत दामले मूळचे पेणचे. कागलचे शेख फत्तेलाल, ज्यांना सारे साहेबमामा म्हणत, ते चित्रकार. केशवराव धायबर छायालेखक झाले. शांताराम वणकुद्रे हे आपले मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने कंपनीत आले आणि पडेल ते काम करीत शिकत गेले. ब्राह्मण, मराठा, मुसलमान, सुतार अशी सर्व मंडळी एका छताखाली रंग कालवीत आणि फिल्म धूत होती. सभांतून ऐक्यावर व्याख्याने देणाऱ्यांना जे सहजासहजी साधत नव्हते, ते एका कार्यशाळेत न बोलता साधले होते. कामाची जबाबदारी वाटली गेली की पंगतीचे भेद आपोआप सैल होतात.

परंतु ज्या गुणांनी कंपनी मोठी झाली त्यांतच तिच्या ऱ्हासाचे बीज होते. बाबूराव हाडाचे कलावंत. मनासारखे होईपर्यंत काम पुढे सरकू द्यावयाचे नाही, हा त्यांचा स्वभाव. कलेच्या दृष्टीने तो गुण. परंतु तारखा, व्याज आणि पगार यांना कलावंताची लहर समजत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या शिष्यांच्या हातांवर कंपनी उभी होती, ते शिष्य तिचे मालक नव्हते. विद्या त्यांना मुक्तहस्ताने मिळाली, व्यवसायात वाटा मात्र मिळाला नाही. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. या नव्या कंपनीत काम करणारे कलावंत स्वतःच भागीदार होते. महाराष्ट्र फिल्म कंपनीला हा घाव सोसवला नाही. १९३० मध्ये बाबूरावही तिच्यातून बाहेर पडले आणि लवकरच ती बंद पडली.

या प्रसंगी कोणा एकाला दोष देण्याचा मोह टाळावा हे बरे. शिष्यांनी गुरूला सोडले, असे एका अंगाने म्हणता येईल. गुरूने शिष्यांना धरून ठेवण्याची व्यवस्था केली नाही, असे दुसऱ्या अंगाने म्हणता येईल. दोन्ही खरे आहे. बोध घ्यावयाचा तो इतकाच की, कलाव्यवसायाचे खरे भांडवल म्हणजे त्यातील माणसांचे हात. त्या हातांना कामाच्या मोबदल्याबरोबर धन्यपणाचा अंशही मिळाला नाही, तर हे भांडवल एका रात्रीत पायांनी चालत निघून जाते.

तथापि निघून गेलेले भांडवल वाया गेले नाही. प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट दिला. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. प्रभातच्या पुण्यातील जागेत १९६० मध्ये केंद्र सरकारची चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली आणि साऱ्या देशातील मुले तेथे शिकू लागली. मेस्त्र्यांच्या घरातल्या त्या शाळेपासून या संस्थेपर्यंतची वाट सरळ नाही, पण ती अखंड आहे. कोल्हापुरातही कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन यांसारख्या संस्था निघाल्या, भालजी पेंढारकरांसारखे दिग्दर्शक तेथे राहिले, आणि शहराची कलानगरी ही ओळख टिकली. एका कंपनीच्या ताळेबंदात तोटा दिसतो, तेव्हा सबंध प्रदेशाच्या ताळेबंदात मोठा नफा असू शकतो. तो मोजण्याची रीत आपण अद्याप नीटशी शिकलो नाही.

उत्तरायुष्य

बोलपटाच्या युगात बाबूरावांनी शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ (१९३५), ‘सावकारी पाश’ची बोलकी आवृत्ती (१९३६) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे चित्रपट दिग्दर्शित केले. या संस्थेस शाहू महाराजांच्या कन्या आणि देवासच्या थोरल्या पातीच्या महाराणी अक्कासाहेब यांचा आश्रय होता. कोल्हापूर आणि मध्य भारतातील मराठी संस्थाने यांचा हा एक धागा आपल्याकडील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. परंतु दृश्याच्या बळावर बोलणाऱ्या या कलावंताला बोलपट तितकासा मानवला नाही. ते पुन्हा आपल्या चित्रांकडे आणि मूर्तींकडे वळले.

१९४७ मध्ये एक हृद्य योग आला. शांतारामांच्या राजकमल संस्थेच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनात बाबूराव सहभागी झाले. एके काळी हाताखाली उमेदवारी केलेल्या शिष्याने गुरूला सन्मानाने आपल्या चित्रपटात आणले आणि तो चित्रपट अमाप लोकप्रिय झाला. अठरा वर्षांपूर्वीची कटुता कलेच्या अंगणात विरघळून गेली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांनी कोल्हापुरातच देह ठेवला.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक सर्व आज नष्ट झालेले आहेत. ज्या ‘सैरंध्री’ने टिळकांना मोहित केले, ज्या ‘सावकारी पाश’ने शेतकऱ्याला पडद्यावर आणले, ते मूकपट आपण पाहू शकत नाही. आपल्याला त्यांची माहिती मिळते ती वृत्तपत्रांतून, छायाचित्रांतून, आणि बाबूराव पेंढारकरांचे ‘चित्र आणि चरित्र’ किंवा शांतारामांचे ‘शांतारामा’ अशा आत्मकथनांतून. म्हणजे ज्यांनी कागदाऐवजी फिल्मवर आपले जीवित वेचले, त्यांची स्मृती अखेर कागदानेच राखली. ग्रंथालयाचे प्रयोजन काय, असे विचारणाऱ्यास याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

आपल्या भागापुरते

पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. २०२३ मध्ये याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. प्रांत मोडले, सीमा बदलल्या; परंतु चित्रपट-वितरणाच्या व्यवहारात सी.पी.-बेरार हे जुने नाव मागे उरले. व्यापाऱ्याला जे नाते तोडणे परवडले नाही, ते वाचकांनी का तोडावे?

बाहेरच्या जगाला पांढुर्णे ठाऊक आहे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. येथल्या कारागिरांमुळे नव्हे. वस्तुतः सौंसर तहसिलीतील लोधीखेड्याच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची आणि सुती कापडाची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरातही आढळते. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडविणारा सुतार, गणपती-शारदेच्या मूर्ती करणारा कुंभार, दुकानांच्या पाट्या रंगविणारा रंगारी, भजनी मंडळातला मृदंगवादक, हे सर्व बाबूरावांच्याच कुळातले. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी वडशाला केंद्र करून दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके करते आणि तिकिटाच्या पैशावर नट, वादक, नेपथ्यकार यांचे संसार चालविते. हा उद्योग कोणा महानगराने आंदण दिलेला नाही. म्हणजे कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी जे घडले ते अपवादात्मक असले तरी अशक्य कोटीतले नव्हते.

त्यासाठी काय लागते, हे बाबूरावांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. कारागिराच्या हाताला कलावंताचा मान देणारा समाज लागतो. तो कोल्हापुरात शाहू महाराजांनी घडविला. पहिल्या वर्षी व्याज न मागणारे भांडवल लागते. ते तानीबाईंनी दिले. विद्या राखून न ठेवणारा गुरू लागतो; ते बाबूराव स्वतः होते. आणि चौथी गोष्ट म्हणजे कष्टणाऱ्यांना वाटा देणारी व्यवस्था; ती कोल्हापुरात उशिरा आली आणि आली तोवर पहिली कंपनी मोडून गेली होती.

आपले ग्रंथालय ज्या काळात उभे राहिले तो हाच काळ. चित्रपट कंपन्या जन्मल्या आणि लयास गेल्या; वर्गणीदारांच्या अल्पशा वर्गणीवर आणि देणगीदारांच्या औदार्यावर ग्रंथालय मात्र शंभर वर्षे चालले, कारण ते कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. या दुसऱ्या शतकात त्याने एक काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. या दोन तहसिलींतील जुन्या नाटकांची हस्तपत्रके, मेळ्यांच्या पदांच्या वह्या, मूर्तिकार-रंगाऱ्यांची छायाचित्रे आणि त्यांच्या कामाची माहिती यांचे एक दालन येथे व्हावे. त्याला फार पैसा लागणार नाही. सभासदांनी आपापल्या घरचे माळे आणि पेट्या उघडल्या की आरंभ होईल. फिल्म जळते, रंग उडतो, लाकूड किडते. ज्या हातांनी ते घडविले त्यांची नावे तरी आपल्या कपाटात सुरक्षित राहावीत. कलामहर्षी बाबूरावांच्या स्मृतीस आपल्या मराठी मुलखाकडून वाहता येईल अशी ती योग्य आदरांजली ठरेल.